रिपोर्ट म्हणतो ५.४, चष्मे काही वेगळंच सांगतात

हे प्रकरण लिहू का नको करत बरेच दिवस काढले, कारण यातली एक चूक सरळसरळ माझी आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमधे काम करतो, बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलंय, आणि ज्या सरांच्या नादाने केलं ते सर आता रिटायर होऊन अमळनेरला परत आलेत. पेशंटचं नाव-गाव देत नाही, त्यांना विचारूनच लिहितोय, इथं नुसतं भाऊ म्हणू. वय ५२, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला गाव, सरांच्या घरच्या शेतीवर कित्येक वर्षांपासून सालदार. आपल्याकडे सालदारकीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि मागचा हिशोबही त्याच दिवशी होतो, तर त्या आखाजीला भाऊ हिशोबाला आले आणि सरांनी बघितलं की हा माणूस नोटा नाकाला लावून मोजतोय.

"चष्मा कुठंय भाऊ?"

"शे ना नाना. तिसरा शे वरीसमा. तरी बी माले धूसर दिखस."

घरातले सगळे हसले, सर नाही हसले. त्यांनी विचारलं आधीचे दोन फेकले का ठेवलेत. ठेवलेत, म्हणे. मग तिन्ही चष्मे आणि नंबरच्या चिठ्ठ्या घेऊन या, उद्याच या.

आता मागची हकीकत. दोन महिन्यांपूर्वी एका डोळे तपासणी शिबिरात भाऊंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला होता, उजवा जास्त पिकलेला. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या झाल्या, भाऊ चहा-पाव खाऊन आले होते म्हणून उपाशीपोटीची साखर काही झाली नाही, त्याऐवजी एचबीएवनसी केली, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, कारण तिला उपाशी राहावं लागत नाही. रिपोर्ट आला ५.४. डायबेटिसची रेघ ६.५ ला आहे आणि ५.७ च्या खाली म्हणजे एकदम नॉर्मल, तेव्हा विषय संपला, साखर नाही, तारीख घ्या. तो रिपोर्ट आमच्या लॅबमधून गेला होता आणि त्या दिवशी मशीनवर मीच होतो.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या बघितल्या. पहिला नंबर मायनस दीड, चार महिन्यांनी मायनस पाव, त्यानंतर परत मायनस दोन. मोतीबिंदूने नंबर बदलतो हे आपल्याला माहीत असतं, लेन्सचा गाभा कडक व्हायला लागला की मायनस वाढतो, काही आजोबांचा तर जवळचा चष्माच सुटतो थोडे दिवस आणि घरात कौतुक होतं. पण मोतीबिंदू एकाच दिशेने जातो. तो मागे येत नाही. नंबर पुढेमागे झोके घेतोय म्हणजे लेन्समधलं पाणी आणि साखर वरखाली होतंय, असं सरांचं म्हणणं. अर्थात हा नुसता संशय, चष्म्याच्या दुकानात नंबर चुकीचाही निघू शकतो, हे सरांनी स्वतःच लगेच म्हटलं. त्यांना असं स्वतःलाच आडवं लावायची सवयच आहे, आमच्या व्हायव्हात पण असंच करायचे आणि आमची वाट लागायची.

इथं सरांचं काम सांगावं लागेल, नाहीतर चष्म्याच्या चिठ्ठीवरून एवढं कशाला ताणलं ते कळणार नाही.

सरांनी पीएचडी लेन्सवर केली, हैदराबादला, ऐंशीच्या दशकात. लेन्स म्हणजे बुबुळाच्या मागचं ते भिंग. पहाटे कत्तलखान्यात जायचं, बकऱ्याचे डोळे बर्फाच्या थर्मासमधे घालून बसने लॅबला यायचं, एकदा बसमधे कंडक्टरने थर्मास उघडायला लावला होता आणि सरांनी उघडला, त्यानंतर त्या रूटवर त्यांना कधी कोणी काही विचारलं नाही म्हणे. डोळा कापून लेन्स अलगद काढायची. मी पण हे केलंय त्यांच्या हाताखाली, बकऱ्याची लेन्स काचेच्या गोटीसारखी दिसते पण चिमटीत धरली की दबते, आणि आलेखाच्या कागदावर ठेवली तर खालच्या सगळ्या रेघा स्वच्छ मोजता येतात. मग तिला भरपूर ग्लुकोज घातलेल्या पाण्यात ठेवायचं. दोन-तीन दिवसात ती ताकासारखी होते आणि रेघा जातात. एवढंच, पण पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो, कारण आपल्या आजीच्या डोळ्यात बघितलेलं असतं ते आपल्यासमोर डबीत होताना दिसतं.

का होतं, याचं उत्तर तेव्हा सगळ्यांना सापडल्यासारखं वाटत होतं. ऑक्सफर्डच्या रूथ व्हॅन हेनिंगेन यांना १९५९ मधे डायबेटिस झालेल्या उंदरांच्या लेन्समधे सॉर्बिटॉल सापडलं. लेन्समधे साखर शिरायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही, रक्तात वाढली की आत वाढली. आत अल्डोज रिडक्टेज नावाचं एन्झाइम तिचं सॉर्बिटॉल करतं, ते पेशीतून सहज बाहेर पडत नाही, पाणी ओढून घेतं, पेशी फुगतात. अमेरिकेत जिन किनोशिता यांनी हा सगळा सिलसिला लावून दाखवला. मग काय, एन्झाइम अडवा आणि मोतीबिंदू थांबवा, जगभर या औषधांच्या मागे लोक लागले आणि त्यात आमचे सर पण. उंदरांमधे औषध मस्त चालायचं.

माणसात नाही चाललं. सॉर्बिनिल नावाच्या औषधाची मोठी ट्रायल झाली, डायबेटिसचे ४९७ पेशंट, डोळ्याच्या पडद्यावर काही फायदा होतो का ते बघायला, १९९० मधे निकाल आला की म्हणावा असा फरक नाही आणि वर साधारण ७ टक्के लोकांना औषधाची ॲलर्जी. गोम अशी की मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, लेन्समधे ते एन्झाइम ठासून भरलेलं असतं आणि माणसाच्या लेन्समधे त्यामानाने फारच कमी. साध्या छोट्या पांढऱ्या उंदरात, ज्याला आपण लॅबमधे माऊस म्हणतो, त्याच्यात तर इतकं कमी की त्याला साखरेचा मोतीबिंदू धड होतच नाही. म्हणजे निवडलेला प्राणीच असा होता की तो हो म्हणणारच. सर म्हणतात माझी दहा वर्षं मोठ्या उंदराने खाल्ली, शेतातला उंदीर निदान कापूस तरी सोडतो.

त्यानंतर १९९२. त्या साली जोसेफ हॉरविट्झ यांनी दाखवून दिलं की लेन्समधलं अल्फा क्रिस्टलिन हे नुसतं भरताड प्रोटीन नाही, ते बाकीच्या प्रोटीन्सना सांभाळतं. वर्गात सर याला करवली म्हणायचे. लग्नात नवरीच्या मागे करवली असते ना, पदर सावरते, कुठं अडकू देत नाही, स्वतः काही करत नाही पण धरून ठेवते, तसं हे विस्कटायला लागलेल्या प्रोटीनला धरून ठेवतं म्हणजे त्याचा गोळा होत नाही. गोळा झाला की उजेड विखुरतो, तोच मोतीबिंदू. आणि करवल्यांचा साठा जन्माचा एकदाच मिळतो, चाळिशी ओलांडली की लेन्सच्या गाभ्यात मोकळी करवली जवळपास उरतच नाही. सर या पेपरबद्दल अजूनही बोलायला लागले की चहा थंड होतो.

पण त्याच १९९२ ला मदुराईत अरविंद नेत्र हॉस्पिटलवाल्यांचं अरोलॅब सुरू झालं आणि डोळ्यात बसवायची कृत्रिम लेन्स आपल्याकडे स्वस्तात बनायला लागली. एकीकडे लेन्स का खराब होते त्याचं गूढ सुटत होतं आणि दुसरीकडे खराब लेन्स काढून नवी बसवायची सोय साध्या माणसाच्या खिशात येत होती. मोतीबिंदूचं औषध शोधणाऱ्याला कोण पैसे देणार मग. सरांनी चार-पाच वर्षं ओढाताण केली आणि मग रेटिनाकडे, म्हणजे पडद्याकडे वळले. काही लोकांनी टोमणे मारले की ग्रांट बघून विषय बदलला. मला विचाराल तर त्यात चूक काय, पण सरांचं कारण वेगळं होतं, ते म्हणायचे लेन्स बदलता येते, पडदा बदलता येत नाही, तेव्हा बिघाड कळायची गरज पडद्यालाच जास्त. काळही तसाच होता. १९९३ ला डीसीसीटी नावाच्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला की टाइप वन डायबेटिसमधे साखर घट्ट धरून ठेवली तर पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, आणि १९९४ मधे आयेलो वगैरेंनी पडदा बिघडलेल्या पेशंटच्या डोळ्याच्या आतल्या द्रवात व्हीईजीएफ नावाचं, नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रोटीन वाढलेलं दाखवलं, ज्याच्यावर आज डोळ्यात इंजेक्शनं देतात.

तर असा माणूस तीन चष्म्यांच्या चिठ्ठ्या घेऊन बसलेला. घरात ग्लुकोमीटर होताच, वहिनींचा. भाऊंच्या बोटाला टोचलं, जेवून दोन तास झालेले, २९६.

"मशीन बिघडेल व्हई. साखर नही शे मले, रिपोर्ट शे ना नाना," भाऊ म्हणाले, आणि खिशातून आमच्या लॅबचा घडी घातलेला कागद काढला.

सरांचा मला फोन. ग्राफ आहे का? आमचं मशीन एचपीएलसीवालं आहे, ते नुसता आकडा देत नाही, रक्तातली हिमोग्लोबिनं वेगवेगळी करून डोंगर-डोंगर काढतं, त्याची एक शीट निघते. पेशंटला आम्ही आकडा देतो, शीट फाईलला लागते. मी शीट काढली. आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. जिथं साधारण माणसाचा एकच मोठा डोंगर असतो तिथं दोन होते, आणि मोठा होता तो एसच्या खिडकीत. मशीनने शेजारी खूण पण केलेली, की बघा, वेगळं हिमोग्लोबिन आहे. त्या दिवशी शिबिराचे सव्वाशे सॅम्पल होते आणि मी आकडे उतरवत गेलो. सव्वाशे होते हे कारण आहे, पण निमित्त म्हणून सांगू नये असं मला वाटतं, खूण होती ती होती.

सिकलसेल, म्हणजे लाल पेशी वाकड्या होऊन लवकर फुटायचा आनुवंशिक आजार, त्यातलं वेगळं हिमोग्लोबिन ते एस. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार-धडगावपासून चोपडा-यावलच्या वरच्या गावांपर्यंत हा शब्द नवीन नाही, शाळेत पोरांची तपासणी होते. पण भाऊ ५२ चे, त्यांची शाळा तिसरीत सुटली, त्यांना कोण तपासणार. पूर्ण तपासणी केली तेव्हा निघालं की आईबापांपैकी एकाकडून सिकलचा जीन आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनायचा, सौम्य जीन आलेला. हा प्रकार बऱ्याचदा ढकलत-ढकलत चालतो. मग मागचं सगळं जुळायला लागलं, हिमोग्लोबिन कायम नऊ-साडेनऊ, रक्त कमी म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या, डोळे पिवळट म्हणून दोनदा कावीळीचा झाडपाला, मे महिन्यात ४५ डिग्रीत केळीला पाणी भरताना अंगातलं पाणी आटलं की हातपाय ठणकून दोन दिवस खाटेवर, आणि थंडीतही तेच. सगळे म्हणायचे वात आहे.

आता ५.४ का आला ते. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. साखर चिकटायला वेळ लागतो. साधारण माणसाची लाल पेशी १२० दिवस जगते, तेवढ्या काळात तिच्यावर साखरेचे थर चढत जातात म्हणून आपण म्हणतो तीन महिन्यांची सरासरी. सिकलच्या पूर्ण आजारात लाल पेशी १० ते २० दिवसात फुटते, भाऊंचा प्रकार सौम्य, तर त्यांची कुठेतरी मधे. म्हणजे साखर चिकटायच्या आतच पेशी मोडीत निघते आणि मशीनपुढे येतात त्या सगळ्या कोऱ्या करकरीत. आकडा मशीनने बरोबर मोजला, फक्त तो भाऊंच्या साखरेचा आकडा नव्हता, त्यांच्या पेशींच्या अल्पायुष्याचा होता. अशा पेशंटमधे एचबीएवनसीवर जाऊच नये हे पुस्तकात आहे, मी परीक्षेत लिहिलंय, मार्क पण मिळालेत.

सर बोलता-बोलता एक म्हणाले ते माझ्या डोक्यात बसलंय. कुठलंही प्रोटीन म्हणजे वही असते, आधी विचारायचं वही किती दिवसांची आहे. हिमोग्लोबिनची वही तीन महिन्यांची, भाऊंची काही आठवड्यांची. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनची दोन-तीन आठवड्यांची, म्हणून आम्ही फ्रुक्टोसामीन केलं, म्हणजे मुख्यतः त्याला चिकटलेली साखर मोजली, ते मुंबईला पाठवावं लागतं, आलं ४१२, वरची मर्यादा २८५ च्या आसपास असते. आणि लेन्सची वही जन्माची. लेन्सच्या गाभ्यातल्या पेशी केंद्रक-बिंद्रक सगळं टाकून देतात, नवीन प्रोटीन बनतच नाही, जे आहे ते मरेपर्यंत तेच. इतकं, की कोपनहेगनच्या लोकांनी २००८ मधे मेलेल्या माणसाच्या लेन्समधला कार्बन मोजून तो साधारण कुठल्या साली जन्मला हे काढून दाखवलं, अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन कधी शिरला त्यावरून. म्हणजे साखरेची सगळी वर्षं भाऊंच्या लेन्समधे चिकटून बसली होती, आणि आपण मात्र काही आठवड्यांची वही उघडून निकाल दिला.

ऑपरेशनची तारीख रद्द केली. भाऊ नाराज झाले, भाऊंच्या घरची मंडळी जास्त नाराज, फुकट होणारं ऑपरेशन नानांनी अडवलं असं गावात झालं. सरांनी ऐकून घेतलं आणि त्यांना जळगावला रेटिनावाल्या डॉक्टरांकडे नेलं, मी पण गेलो, अपराधी मन होतंच.

थेंब टाकून बाहुली मोठी केली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू कमी होता म्हणून पडदा दिसत होता. डॉक्टरांनी आम्हाला स्क्रीनवर दाखवलं. मधल्या भागात बारीक लाल ठिपके, केशवाहिन्यांना आलेले फुगे, आणि त्यांच्यामधे पिवळसर कण, तेल सांडून वाळल्यासारखे, नजरेच्या ऐन केंद्राजवळ, ही साखरेची करणी. आणि पार कडेला, कानाच्या बाजूला, वेगळीच भानगड, तिथं रक्तवाहिन्या बंद पडून पांढऱ्या दोऱ्यासारख्या झालेल्या आणि एक काळा डाग सूर्याच्या चित्रासारखा कडा फुटलेला, ही सिकलची करणी, वाकड्या पेशी बारीक नळीत अडकतात आणि पुढचा भाग उपाशी मरतो. साखर मधे खाते, सिकल कडेने खातं. एकाच पडद्यावर दोघं दोन बाजूंनी. डॉक्टर म्हणाले असं एकत्र रोज बघायला मिळत नाही. सर काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसले, आखाजीला भाऊ नोटा मोजत होते तसे.

उजव्या डोळ्यात काहीच दिसेना, मोतीबिंदू आड. सोनोग्राफी करून पडदा सुटलेला नाही एवढी खात्री केली. मग आधी साखर आणली खाली, मेटफॉर्मिन, जेवणात बदल, आठवड्याला ग्लुकोमीटर आणि महिन्याला फ्रुक्टोसामीन, एचबीएवनसी बंद. सिकलसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी नाव नोंदवलं, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया सुरू, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघून लोहाच्या गोळ्या थांबवल्या. डाव्या डोळ्याच्या कडेला लेझर. मधल्या सुजेला इंजेक्शन, डोळ्यात सुई म्हटल्यावर भाऊ उठून चालायला लागले होते, वहिनींनी हात धरून बसवलं. भाऊंच्या पोरांचं पण एक आहे, दोनपैकी एक जीन प्रत्येक पोराला जाणारच, त्यात सुटका नाही, तिन्ही पोरं कॅरिअर, म्हणजे एक जीन अंगात असलेली, निघाली, पोरीच्या सोयरिकीची बोलणी चाललीत तर मुलाचं रक्त आधी तपासायचं असं सरांनी बजावलंय आणि त्यावरून काय-काय झालं तो वेगळाच लेख होईल.

उजव्याचं ऑपरेशन चार महिन्यांनी झालं. पडद्याला सूज असताना मोतीबिंदू काढला तर सूज भडकू शकते, म्हणून त्याच वेळी इंजेक्शन पण दिलं. पट्टी सोडली तर उजव्याला तक्त्यावरची ६/३६ ची ओळ, म्हणजे चांगल्या डोळ्याला ३६ मीटरवरून दिसतं ते यांना ६ मीटरवरून. भाऊंचा चेहरा पडला, शेजारच्या खाटेवरचे आजोबा ६/९ वाचत होते. लेन्स नवी कोरी, मागचा पडदा मात्र इतकी वर्षं खाल्लेला, दिसणार तेवढंच. हेच ऑपरेशन पहिल्या तारखेला, पडद्याचा काही विचार न करता झालं असतं तर गावात सगळ्यांनी सर्जनच्या नावाने शिमगा केला असता, आणि डावा डोळा पण गुपचूप त्याच वाटेने गेला असता. डावा आज चष्म्याने ६/९ आहे. उजव्याची सूज उतरतेय, हळूहळू.

लॅबमधे मी आता ग्राफची शीट रिपोर्टला जोडूनच देतो, मालक कागदाच्या खर्चावरून कुरकुरतात.

राहिली एक गोष्ट. ऑपरेशन छोट्या छेदाचं होतं, लेन्सचा गाभा चुरा न करता अख्खा निघाला. सरांनी सर्जनला आणि भाऊंना विचारून तो छोट्या बाटलीत सलाईनमधे ठेवून घेतला. पुढच्या खेपेला भाऊ तपासणीहून परस्पर अमळनेरला आले, शेवभाजी-भाकरी झाली, आणि सरांनी बाटली खिडकीतल्या उजेडात धरली. मसुराच्या डाळीसारखा आकार, त्याहून बराच मोठा, रंग गुळाच्या चहासारखा. भाऊंनी डावा डोळा बारीक करून बराच वेळ बघितलं.

"हाई मना डोयामा व्हतं?"

"हो."

"कितलं पुरानं शे?"

"तुमच्यापेक्षा थोडं जुनं आहे भाऊ. तुम्ही आईच्या पोटात होते तेव्हापासूनचं."

भाऊंनी बाटली घेतली, एकदा हलवून बघितली, आणि म्हणाले मग हे तुम्ही काय ठेवता नाना, घरी नेतो, मायले दाखाडस.